माहेरचे नाव, सासरचे नाव

प्रश्न : माझे माहेरचे नाव सुमन. लग्नात पतींनी ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने ‘अनुराधा’ लिहिले आणि त्या दिवसापासून मी अनुराधा झाले. गेल्या महिन्यात शाळेच्या मेळाव्यात कोणीतरी मागून ‘सुमे’ अशी हाक मारली, मी चटकन वळले आणि मला रडू आवरेना. वयाच्या ५३व्या वर्षी विचारते, यांतली खरी मी कोण?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चेहरा दिसण्यापूर्वीच आपण वळलात, कारण त्या नावाची हाक ऐकत ऐकतच ‘मी’ म्हणजे कोण हे आपल्याला कळू लागले होते. लहान मूल ‘मला’ म्हणायला शिकण्याआधी पुष्कळदा ‘बाळाला दूध’ असेच म्हणते. इतरांनी दिलेल्या हाकेतून ते स्वतःपर्यंत पोहोचते.

म्हणून अनुराधा खोटी ठरत नाही. ३० वर्षांचा संसार तिनेच केला आहे. पण घरात आपल्याला त्या नावाने हाक कोण मारते, हे आठवून पाहावे. मुलांची आई, दिरांची वहिनी, पतींची ‘अगं’ आणि शेजारच्यांची काकू, अशा नात्यांच्या हाकांत ते नाव बहुधा रेशन कार्डावरच राहिले असेल. नाव हाकेने जगते, आणि सुमनला तशी हाक मिळाली होती.

‘ओळखीचा पेच’ ही कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन १९०२ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मले आणि सावत्र वडिलांच्या होम्बुर्गर या आडनावाने वाढले. १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतः निवडले, तरीही होम्बुर्गर टाकले नाही, ते मधल्या नावात जपले. आपल्या बाबतीत निवड आपल्याला करू दिली गेली नाही, आणि माझ्या मते आपले रडू त्या न विचारलेल्या प्रश्नाचे आहे. मुलीला न विचारता तिचे पाळण्यातले नाव बदलणे मला अन्यायाचे वाटते, मग ते कितीही कौतुकाने केलेले असो.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असे कायदा सांगत नाही. जुने नाव कागदोपत्री परत हवे असल्यास राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध करून घेता येते आणि त्या आधारे आधार कार्ड, पॅन कार्ड व बँकेतील नोंदी बदलता येतात. मात्र ती धावपळ सुरू करण्याआधी पतींना मेळाव्यातला तो प्रसंग सांगावा आणि काही दिवस आपल्याला ‘सुमन’ म्हणून हाक मारायला सांगावे.