रोकोको चित्रांतल्या बागेतल्या नटव्या बायकांमध्ये पाहण्यासारखं काय असतं?

तुम्ही म्हणता की रोकोको चित्रं, म्हणजे अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या नाजूक, नटव्या शैलीतली चित्रं, हा नुसता रेशीम, फिती आणि गुलाबांचा पसारा. पसारा असतोच, त्याबद्दल वाद नाही. तरी एक चित्र घ्या आणि त्यातल्या बाईला जरा बाजूला ठेवून तिच्यामागे काय आहे ते बघा.

मी म्हणतोय ते फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बूशेने १७५९ साली काढलेलं मादाम द पोंपादूरचं, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या प्रेयसीचं चित्र. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात आहे. अंगात गुलाबी रेशमी झगा, पुढच्या बाजूला बो, कोपराशी लेसच्या झालरी, हातात मिटलेला पंखा, शेजारी बाकावर तिची लाडकी कुत्री. बाग मात्र कुठल्याच बागेसारखी दिसत नाही. निसर्ग फार हिरवा आहे आणि त्यातला उजेडही धड नाही, असं बूशे म्हणायचा, अशी आख्यायिका आहे. ही निळसर, धुरकट झाडी पाहिली की ती आख्यायिका खरी वाटायला लागते.

आता तिच्यामागचा पुतळा. ती त्याच्याच चौथऱ्याला टेकून उभी आहे. एक स्त्री आणि तिच्याजवळ छोटा मदन : मैत्री प्रेमाची समजूत घालतेय. याच विषयावरचं शिल्प पोंपादूरने पिगाल या शिल्पकाराकडून बेलव्ह्यूच्या आपल्या बागेसाठी करून घेतलं होतं, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. म्हणजे बूशेने पुतळा जागा भरायला टाकलेला नाही.

कारण तोवर परिस्थिती पार बदलली होती. १७४५ मध्ये ती राजा पंधराव्या लुईची अधिकृत प्रेयसी म्हणून व्हर्सायच्या राजवाड्यात आली. १७५० च्या सुमारास शरीरसंबंध संपले. अशा बाईने दरबारातून मुकाट्याने निघून जावं, अशीच शत्रूंची अपेक्षा. ही गेली नाही. राजाची मैत्रीण आणि सल्लागार म्हणून तिथेच राहिली, आणि १७५६ मध्ये तर चक्क राणीच्या मानकरी स्त्रियांमध्ये जाऊन बसली! राणीला काय वाटलं असेल, याची कल्पना करा. या पार्श्वभूमीवर पुतळा वाचला की चित्र सरळ बोलायला लागतं : प्रेम संपलंय, मैत्री आहे, आणि मी इथून हलणार नाही. कुत्री हे निष्ठेचं जुनं चिन्ह, त्यामुळे तीही शोभेपुरती नाही.

हे सगळं तिने गोडव्यात बुडवून सांगितलंय, हीच मला रोकोकोची खरी करामत वाटते. भव्य सिंहासन, खांब, जड पडदे लावून हाच दावा केला असता तर दरबाराने तिला उद्धट ठरवलं असतं. बागेत टेकून उभ्या असलेल्या बाईवर तसा आरोप कसा करणार?

तुमची तक्रार अगदीच चुकीची नाही, हेही सांगतो. बूशेकडे सत्य सोडून सगळं आहे, अशी टीका दिदरो या फ्रेंच विचारवंताने तेव्हाच केली होती. चेहऱ्याच्या बाबतीत मी दिदरोच्या बाजूने आहे. इथे पोंपादूर ३७ वर्षांची आहे, पण गाल एखाद्या बाहुलीचे.

लंडनला जाणं झालं तर वॉलेस कलेक्शनला प्रवेश फुकट आहे. बहुतेक लोक फ्रागोनारचं झोक्याचं चित्र बघायला धावतात, तुम्ही आधी हे बघा. मग लंडनच्याच नॅशनल गॅलरीत जाऊन द्रुए या चित्रकाराने काढलेलं पोंपादूरचं चित्र पाहा. तिथे ती घरात भरतकाम करत बसली आहे, अंगाने भरलेली, हनुवटीखाली मांस आलेलं. चेहरा १७६३ मध्ये समोर बसवून कॅनव्हासच्या वेगळ्या तुकड्यावर रंगवला आणि नंतर मोठ्या चित्रात जोडला. चित्र पूर्ण झालं १७६४ मध्ये, तोवर ती वारली होती. मला विचाराल तर बाई म्हणून ती द्रुएकडे जास्त भेटते, डाव मात्र बूशेकडेच कळतो.