बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लोखंडी बादलीत केलं तर बादली आतून तांबूस का होते? तशी बादली चालते का?

चालत नाही. तो थर गंजाचा नाही, तुमच्याच मोरचुदातलं (कॉपर सल्फेटमधलं) तांबं आहे. दहावीच्या विज्ञानात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवायचा प्रयोग असतो, तोच इथं घडतो: लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते विरघळून द्रावणात जातं आणि तांबं सुटून पत्र्यावर बसतं. म्हणजे फवारणीतून संत्र्याच्या झाडावर जायचं तांबं बादलीतच राहतं, वर बादलीही खाल्ली जाते. जस्त चढवलेली बादली तर आणखी वाईट. मोरचूद प्लास्टिकच्या टाकीत भिजवा.

एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. चुना पुरेसा पडला की तांबं हायड्रॉक्साइड होऊन बांधलं जातं, मग लोखंडाला फारसं चिकटत नाही. पण चुना जुना, हवा लागलेला असेल तर १ किलो पुरेलच असं नाही. घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पातं तांबूस झालं तर चुन्याची निवळी अजून घाला आणि पुन्हा बघा.