जुन्या गाडीचा क्लेम: पहिल्या आकड्यावर सही करू नका

अपघातात गाडी दुरुस्तीपलीकडे गेली आणि विमा कंपनीने भरपाईचा आकडा सांगितला, तर गाडी जुनी आहे म्हणून मिळेल ते घ्यावं, असं अजिबात मनात आणू नका. कंपनीचा पहिला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नसतो. आधी पॉलिसी उघडून बघा: रक्कम ठरलेली आहे की बाजारभावाने मिळणार? ठरलेली असेल तर बाजारभावाचा वाद फारसा उरत नाही.

बाजारभाव असेल तर मूल्यांकनाचा अहवाल लेखी मागा आणि ओळ न ओळ वाचा. चुका तिथेच सापडतात. मॉडेलचा खालचा प्रकार धरलेला, किलोमीटर वाढवलेले, नवे टायर झिजलेले दाखवलेले. टायरच्या बाजूवर कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. त्याचा फोटो बिलासोबत जोडा.

मग त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, साधारण तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती जमवा, तारखेसकट. माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा हाच. सर्व्हिसच्या बिलांनी किंमत फार चढत नाही, पण गाडी सांभाळलेली होती हे दिसतं.

गाडी स्वतःकडे ठेवणार असाल तर भंगाराची किंमत वजा होते. तो आकडाही तपासा. फोनवर घाई करतील, तुम्ही उत्तर ईमेलनेच द्या. आणि ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर रक्कम पटल्याशिवाय सही नको.