प्रायमरीत मत कुणाला द्यायचं?

अमेरिकन नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार नोंदणीही झाली, मनापासून अभिनंदन! आता २०२८ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीसाठी कोण बरा म्हणतोस, तर आधी प्रायमरीकडे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाकडे बघ. नोव्हेंबरात खऱ्या लढतीत मुख्य दोघंच उरतात. निवडीला वाव असतो तो प्रायमरीत. आपल्या न्यू जर्सीत ती जूनमध्ये असते. कुठल्याच पक्षाकडे तुझी नोंद नसेल, तर त्याच दिवशी मतदान केंद्रावर पक्ष सांगता येतो. तोवर न्यू हॅम्पशायरसारख्या आधीच्या राज्यांत बरेच उमेदवार गळालेले असतात, म्हणून दुसरी पसंतीही ठरवून ठेव.

डिबेट जरूर बघ, पण टाळ्यांवर जाऊ नकोस. उमेदवार सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य असेल, तर कुठल्या विधेयकावर त्याने काय मत दिलं ते सिनेटच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळतं. गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख असेल तर कुठल्या विधेयकावर सही केली आणि कशावर व्हेटो (नकाराधिकार) वापरला ते शोध.

ग्रीन कार्डची रांग मी संपवतो, असं कुणी म्हणालं तर लगेच भुलू नकोस. रांगेतल्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा कायद्यातच आहे, ती काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसदच बदलू शकते. मी सगळ्यात जास्त वजन देतो ते न्यायाधीशांच्या नेमणुकांना. सिनेटची संमती लागते, पण नाव राष्ट्राध्यक्षच सुचवतो आणि ती नेमणूक तहहयात असते. न्यायाधीश क्लॅरेन्स थॉमस १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टात आले. त्यांना नेमणारे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश २०१८ मध्ये वारले, थॉमस त्यानंतरही निकाल देत राहिले.

उमेदवार भारतीय वंशाचा असला तरी हीच तपासणी कर.