१४२८५७ ला जादूची संख्या का म्हणतात? त्यात काही दैवी संकेत आहे का?

संकेत नाही. एकाला सातने भागा, ती मिळते. तिचे पट तुम्हाला माहीत असतीलच: दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, सहापटीपर्यंत तेच आकडे त्याच क्रमाने फिरतात आणि सातपट केली की ९९९९९९.

नववीच्या सुट्टीत मी काकांच्या किराणा दुकानात बसायचे. सात घरांत मिळून एक तेलाचा डबा घेतला होता, त्याची वाटणी काढायची होती. काकांनी कॅल्क्युलेटरवर १ भागिले ७ केलं. आलं ०.१४२८५७१. काका म्हणाले, "संपलं." मला तो शेवटचा एक खटकला. रद्दीच्या समासावर मी हाताने भागाकार मांडला. बाकी येत गेली ३, २, ६, ४, ५ आणि मग १. ज्या एकापासून सुरुवात केली, तिथेच परत! सातने भागताना बाकी एक ते सहाच उरू शकते. सहाही येऊन गेल्या की पहिलीच पुन्हा येणार, आणि तिच्यामागून सगळे आकडे. २ भागिले ७ म्हणजे याच चक्रात बाकी २ पासून शिरणं, म्हणून २८५७१४.

धावत जाऊन काकांना दाखवलं. चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "अगं, योगायोग असतो तो. साखर मोज." हा शब्द मला अजून टोचतो. दैवी म्हणणारे आणि योगायोग म्हणणारे सारखेच, दोघांनाही भागाकार करायचा नसतो.

पुढे कापरेकर संख्या कळल्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेल्या. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, बेरीज सुरुवातीच्या संख्येइतकी आली पाहिजे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. यालाही कारण आहे. १४२८५७ म्हणजे ७ × २०४०८ आणि वर एक. त्यामुळे वर्ग होतो २०४०८ × ९९९९९९ अधिक १४२८५७. ९९९९९९ म्हणजे दहा लाखांना एक कमी. म्हणून डावीकडे २०४०८ बसतात आणि उजवीकडून तेवढेच वजा होतात. बेरीज करताना ते परत येतात, बास. (कापरेकरांच्याच हर्षद संख्यांतही, म्हणजे ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो त्यांतही, ती आहे: अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७.)

तुमच्या घरातलं पोर असं काही घेऊन आलं तर साखर नंतर मोजता येते, आधी त्याचा कागद बघा. काका, तुम्हालाही सांगतेय. तो कागद मी जपून ठेवलाय.

एक मात्र मान्य करते. गेल्या दिवाळीत काकांनी विचारलं, "मग तेराला का होत नाही?" प्रश्न रास्त आहे. तेराला सहा-सहा आकड्यांची दोन चक्रं पडतात, ०७६९२३ आणि १५३८४६. प्रत्येक मूळ संख्येला एकच चक्र मिळत नाही, आणि ज्यांना मिळतं अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही. सतराला मिळतं: ०५८८२३५२९४११७६४७. करून बघा, पण सुरुवातीचं शून्य गाळू नका, नाहीतर दुप्पट करताना अडाल.