ठाण्यात हेअर-ब्युटीचा कोर्स करून नोकरी मिळते का? दीड लाख भरावेत का?

नोकरी मिळते, ताई. ठाण्यात या कामाला माणसं कमी आणि दुकानं जास्त. घोडबंदर रोडला नवा टॉवर उभा राहिला की खाली मेडिकल, डेअरी आणि युनिसेक्स सलून ठरलेलं. पण तुम्ही लिहिलंय की कळव्याला राहता, वय २६, आणि एक अकादमी ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणून दीड लाख मागतेय. ते वाचून राहवलं नाही. प्लेसमेंट म्हणजे ते तुम्हाला चार सलूनचे नंबर देतात. त्याच सलूनच्या काचेवर ‘स्टाफ पाहिजे’ची पाटी असते, ती तुम्ही फुकट वाचू शकता.

मी नाभिक घरातला. वडिलांचं खारकर आळीत दोन खुर्च्यांचं दुकान. तिथला हिशेब सरळ: खुर्चीवर जेवढं काम होईल त्यातलं अर्धं कारागिराचं, अर्धं दुकानाचं, रात्री गल्ला मोजून हातात. मी लेडीज कटिंग शिकून मॉलमधल्या सलूनला पगारावर लागलो तेव्हा घरात अबोला धरला गेला. बायकांचे केस कापतो याचं त्यांना काही नव्हतं. पगारी माणसाला स्वतःचं गिऱ्हाईक नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, तुमच्याकडे श्रावण लागला की खुर्च्या रिकाम्या, मला एक तारखेला पैसे.

मॉलनंतर मी मानपाड्याच्या बाजूला एका सलूनमध्ये सीनियर म्हणून गेलो. नाव घेत नाही. एका शुक्रवारी एक मुलगी आली, रविवारी साखरपुडा, स्मूदनिंग हवं, म्हणजे केमिकल लावून केस सरळ करायचे. खांद्याखालच्या केसांना जुने हायलाइट्स, म्हणजे ब्लीच झालेलं, आणि त्यावर घरीच काळा रंग मारलेला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मी मागची एक बारीक बट ओली करून ओढली. रबरासारखी ताणली गेली आणि परत आलीच नाही. स्मूदनिंगचं क्रीम केसाच्या आतले बंध तोडून काम करतं, मग न्यूट्रलायझर ते पुन्हा जोडतो. इथे ब्लीचने आधीच इतकं खाल्लं होतं की जोडायला काही उरलं नसतं. मी तिला म्हटलं, आज ट्रिम करून घ्या, रविवारी सकाळी या, ब्लो ड्राय आणि आयर्निंग करून देतो, फोटोत सरळच दिसतील. स्मूदनिंगचं नंतर बघू, खराब टोकं कापल्यावर.

तेवढ्यात मॅनेजर आला. महिनाअखेर, टार्गेट अर्धवट, आणि समोर सात-आठ हजारांचं बिल. ‘कस्टमर मागतायत तर तू कोण नाही म्हणणारा?’ हे तिच्या देखत. मी बाजूला झालो. त्याने ज्युनिअर पोराला उभं केलं. पोरगा नुकताच एका महागड्या अकादमीतून आलेला, सर्टिफिकेट फ्रेम केलेलं, आणि बट ओढून बघायची असते हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं, कारण कोर्सभर डमीवर हात चालवला. डमीला कोण ब्लीच करून आणतं? क्रीम धुताना बेसिनमध्ये केस यायला लागले. मुलगी रडतेय, आई भांडतेय. शेवटी उरलेलं सावरून हनुवटीपर्यंतचा बॉब मीच कापून दिला. पैसे परत करावे लागले.

मालकाला मात्र सांगितलं गेलं की सीनियरने सर्व्हिस नाकारली म्हणून हे झालं. माझा इन्सेंटिव्ह कापला. मी राजीनामा दिला तर शेवटचा पगार अडकवला आणि ‘कंपनीच्या क्लायंटशी संपर्क करणार नाही’ असा कागद सहीला पुढे केला. सही केली नाही, फोनही कोणाला केला नाही. बायकांनीच विचारत विचारत मला शोधलं. त्या मुलीची मावशी अजून येते रूट टचअपला, म्हणजे मुळाशी वाढलेल्या केसांना रंग लावायला.

वडिलांना मी आजही सांगतो, हे गिऱ्हाईक मला पगारावर असतानाच मिळालं. ते विचारतात, आणि पगार कोणी बुडवला?

तुमच्या पैशांच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या बघण्यात नवख्याला ठाण्यात १० ते १५ हजार देतात, हात बसला की २५-३० पर्यंत जातं आणि वर इन्सेंटिव्ह. हा इन्सेंटिव्ह बहुतेक ठिकाणी पगाराच्या चार-पाच पट धंदा केल्यावर सुरू होतो. तो जीएसटी आणि प्रॉडक्टचा खर्च वजा करून धरतात की पूर्ण बिलावर, हे पहिल्याच दिवशी विचारा. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणाऱ्याकडे किंवा बाँड मागणाऱ्याकडे पाऊल टाकू नका. संध्याकाळच्या शिफ्टचंही आधी बोला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. मॉलवाले हे सोयीस्कर विसरतात.

दीड लाख भरू नका. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास चालतं, सरकारी संस्थेची फी अकादमीच्या मानाने काहीच नाही आणि सर्टिफिकेट देशभर चालतं. अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन निघतात. तोवर गर्दीच्या पार्लरमध्ये हेल्पर म्हणून लागा. काचेचं दार बघू नका, शनिवारी संध्याकाळी बाहेर किती बायका बसल्यात ते बघा. नौपाड्यात, गोखले रोडला अशी जुनी पार्लरं आहेत. थ्रेडिंगचा हात तिथे महिन्यात जेवढा बसतो तेवढा कोर्समध्ये वर्षात बसत नाही.

घरी जाऊन काम देणारी अ‍ॅप्स हाही मार्ग आहे, पण नवख्याचा नाही. २०२१ मध्ये अर्बन कंपनीच्या ब्युटीशियन बायकांनी गुरुग्रामला कंपनीच्या ऑफिसबाहेर कमिशन आणि रेटिंगवरून आंदोलन केलं होतं. त्यानंतर कंपनीने कमिशन कमी केलं, तरी किट आणि प्रवास डोक्यात धरून हिशेब करा.

सगळ्या अकादम्या वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. ज्या खऱ्या मॉडेलवर काम करू देतात त्यांची फी वसूल होते. मॉडेल तुम्ही आणायचे की ते देणार, एवढं विचारलं तरी बरंच कळेल. ब्रायडल मेकअपमधलं मला कळत नाही, त्यात पैसा वेगळाच आहे. आणि हाताला आधीपासून एक्झिमा असेल तर कलर-शॅम्पूच्या कामाआधी स्किनच्या डॉक्टरला विचारा, या धंद्यात त्याने बरेच जण बाहेर पडतात.

घोडबंदरचं ट्रॅफिक रोज झेपणार नसेल तर ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून ऐरोली, कोपरखैरणे, वाशीकडे ट्रायल द्या. ऐरोलीत ऑफिसं सुटली की चांगली गर्दी असते. ट्रायल मात्र एका दिवसाचीच. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर त्याचे पैसे आधी ठरवून घ्या, आठवडाभर फुकट राबवून ‘कळवतो’ म्हणणारे पुष्कळ आहेत.