दिवाळीत भेट द्यायला सही केलेली पुस्तकं थेट लेखकाकडून मागवावीत का? आणि कशी?

तुम्ही विचारलंय, की यंदा दिवाळीला घरच्या आणि ऑफिसमधल्या मिळून पंधराएक जणांना तुमच्या आवडत्या लेखकाची सही केलेली पुस्तकं द्यायची आहेत, राहायला पुण्यातच आहात, पण लेखकाला थेट विचारणं बरं दिसेल का आणि हे सगळं जमवायचं कसं.

विचारा. बिनधास्त विचारा. मी गेली सात वर्षं पाडव्याला आणि भाऊबीजेला हेच देते आहे आणि एकाही लेखकाने अजून मला तोडून टाकलेलं नाही. मराठी पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपायला कितीतरी वेळा वर्षंच्या वर्षं जातात. अशात कुणीतरी फोन करून सांगतं, की तुमचं पुस्तक मला माझ्या पंधरा माणसांना द्यायचंय, तर त्या लेखकाचा तो दिवस चांगला जातो. संकोच वाटायचाच असेल तर एकाच गोष्टीचा वाटू द्या. फुकट मागायचं नाही. 'सही करून दोन प्रती पाठवाल का' हे वाक्य आपल्याला साधं वाटतं, पण प्रकाशक लेखकाला मोजक्याच प्रती देतो, त्यापुढच्या त्यालाही विकत घ्याव्या लागतात. म्हणून पहिल्याच बोलण्यात सांगून टाका, की प्रती मी विकत घेणार आहे, तुमच्याकडून फक्त सही हवी आहे. तेवढ्याने समोरच्याचा आवाज बदलतो, हे मी स्वतः ऐकलंय.

लेखकाचा नंबर शोधत बसू नका. पुस्तक उघडा, शीर्षकाच्या मागच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आणि फोन छापलेला असतो, तिथे फोन करा. मराठी प्रकाशकांपैकी बरेच जण आपल्या पुण्यातच, सदाशिव-नारायण-शुक्रवारात बसलेले आहेत. त्यांना सांगा, कोणतं पुस्तक, किती प्रती, कधीपर्यंत हव्यात. कधी ते प्रती लेखकाकडे पाठवून सही करून आणतात, कधी लेखक कार्यालयात येणार असेल तो दिवस सांगतात, आणि कधी लेखकाला विचारून तुम्हाला थेट घरी जायला सांगतात. बाजीराव रोडवर अक्षरधारा किंवा अप्पा बळवंत चौकात रसिक साहित्य, अशा दुकानांतही विचारून ठेवा. लेखक येऊन गेला असेल तर सही केलेल्या काही प्रती मागे राहिलेल्या असतात. पण त्यावर नुसती सही असते. तुमच्या माणसाचं नाव त्यावर नसतं, आणि माझ्या मते या भेटीतला जीव त्या नावातच आहे.

वेळेचं सांगते. अनेकांना वाटतं दिवाळीच्या आधी लेखक दिवाळी अंकांत गुंतलेले असणार. खरं तर अंकांचं लेखन बहुतेकांचं जुलै-ऑगस्टमध्ये हातावेगळं होतं, कारण पुढे संपादन, मांडणी, छपाई असते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी वाचायला काहीतरी असतंच. पुस्तक भेट देणं हे त्याच रांगेतलं आहे, ते काही नवं खूळ नाही. (हे मी मुद्दाम सांगते, कारण 'दिवाळीला पुस्तक कोण देतं' असं म्हणणारी एक तरी व्यक्ती तुमच्या घरात निघेलच.) तर गणपती गेले की प्रकाशकाला फोन, घटस्थापनेपर्यंत नावांची यादी पक्की आणि दसऱ्यापर्यंत पुस्तकं सही होऊन घरात, असं मी पाळते. दसरा ते दिवाळी मध्ये वीसेक दिवस मिळतात. बाहेरगावची पार्सलं, राहिलेलं एखादं नाव, चुकलेलं एखादं पान, सगळं त्यात निभावतं.

आता नावं. सगळा घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी नावं व्हॉट्सअ‍ॅपवर रोमन अक्षरांत पाठवली. माझ्या भाचीचं नाव 'ऋ'ने सुरू होतं. रोमनमध्ये ते कसं दिसणार? पुस्तकावर 'रु' आलं. चूक लेखिकेची नव्हती, तिने समोर होतं तेच वाचलं. भाची तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने पान उघडलं, वाचलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'मावशी, हे माझं नाव नाहीये.' त्यावर काय बोलणार? खाडाखोड करून द्यायला मन होईना. नवीन प्रत आणली, पुन्हा सही घेतली, आणि तेव्हापासून यादी मी देवनागरीत, हाताने, मोठ्या अक्षरांत लिहिते. ह्रस्व-दीर्घ ज्याचं त्याला विचारून. सुनिता की सुनीता, आरती की आरति, हे आपण गृहीत धरायचं नाही. ज्याचं नाव आहे तो जसं लिहितो तसंच. आडनाव, सौ., श्रीमती या भानगडीत मी पडत नाही. नावापुढे ताई, काका, मावशी एवढंच पुरतं आणि कुणाला खुपत नाही.

यादीत नावासमोर एक ओळ लिहा, त्या माणसाबद्दल. काय लिहायचं ते लेखकाला सांगू नका, नुसतं माणूस कोण ते सांगा. मी माझ्या मावशीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'तीस वर्षं पोस्टात नोकरी, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.' लेखिकाबाईंनी नावाखाली लिहिलं, 'सकाळच्या उजेडात वाचा.' तीन शब्द. मावशी ते पुस्तक रोज सकाळी गॅलरीत घेऊन बसायची. 'सप्रेम भेट' आणि 'शुभेच्छांसह' मध्ये हे येत नाही, आणि लेखकाला काही माहितीच दिली नाही तर तो बिचारा दुसरं काय लिहिणार?

त्या बाईंच्या घरी मी पुढच्या वर्षी स्वतः गेले, कारण वर्षभरापूर्वीचं 'ऋ'चं प्रकरण मनात होतं. एरंडवण्यात तळमजल्याचं घर. चौदा पुस्तकं नेली होती. प्रत्येकात सहीच्या पानावर नावाची चिठ्ठी घातलेली, चिठ्ठीचं टोक बाहेर दिसेल अशी. बाई शाईच्या पेनाने लिहितात. एक सही झाली की पुस्तक उघडंच दिवाणावर ठेवायचं. चार-पाच झाल्यावर त्या मला म्हणाल्या, 'पंखा बंद करा हो, पानं मिटतायत.' ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद, आणि दिवाणावर ओळीने उघडी पुस्तकं वाळत पडलेली, पापड घातल्यासारखी. प्रत्येक चिठ्ठी उचलली की विचारायच्या, 'ही कोण?' मग मी सांगायचे, मग त्या जरा वेळ खिडकीबाहेर बघायच्या आणि लिहायच्या. भाचीच्या पानावर आल्या तेव्हा म्हणाल्या, 'ऋ काढायला मला अजून आवडतं,' आणि खरंच एवढा मोठा, डौलदार ऋ काढला की बाकीचं नाव त्याच्या सावलीत बसल्यासारखं दिसतं. नवव्या पुस्तकानंतर त्यांची बोटं दुखायला लागली. आम्ही थांबलो, चहा झाला, गप्पा झाल्या, उरलेली पाच त्यांनी सावकाश केली. त्या दिवशी मला कळलं, की पंधरा सह्या म्हणजे पंधरा वेळा नाव खरडणं नव्हे, दीड-दोन तासांचं काम आहे. लेखक वयस्कर असतील तर पुस्तकं त्यांच्याकडे आठवडाभर ठेवून या आणि न्यायलाही तुम्हीच जा. त्यांना पोस्टात किंवा कुरिअरला पिटाळू नका.

शाईबद्दल एवढंच, की गुळगुळीत चकचकीत कागदावर शाईचं पेन आणि जेल पेन दोन्ही पुसटतात. पान साधं असेल तर काही प्रश्न नाही. तरी टीपकागदाचे तुकडे बरोबर न्या, अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात विचारलं तर अजून मिळतो. सही शीर्षकाच्या पानावर घ्यावी. पहिलं कोरं पान पुढेमागे सुटतं, शीर्षकाचं पान शिवणीत असतं.

लेखक नागपूरला असेल, किंवा मुलाकडे परदेशात गेला असेल, तर पंधरा पुस्तकं पाठवून परत मागवण्याचा खटाटोप करू नका. चांगल्या जाड कागदाच्या पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या पट्ट्या कापा, आणि परतीचं पाकीट (लेखक भारतातच असेल तर तिकीट लावून) यादीबरोबर पाठवा. लेखक पट्ट्यांवर लिहून परत पाठवतो, आपण इथे पुस्तकांत चिकटवायच्या. चिकटवायला सेलोटेप अजिबात नको, ती पिवळी पडते आणि पानही खाते. बाइंडिंगवाले वापरतात ती गव्हाच्या पिठाची खळ, पातळ, फक्त वरच्या कडेला. वर वजन ठेवून रात्रभर सोडा. मी असं दोनदा केलंय आणि घेणाऱ्यांना ते कमी प्रतीचं मुळीच वाटलं नाही, उलट एकाने विचारलं की ही पट्टी एवढ्या लांबून आली का.

बाहेरगावी पाठवताना जपा. एका वर्षी परतीच्या पावसात भावाला पाठवलेलं पार्सल एका खासगी कुरिअरकडून चिंब होऊन पोचलं. सहीची शाई पानभर उतरली होती, नावही वाचता येत नव्हतं. पैसे परत मिळाले, ते पान काही परत मिळालं नाही. आता मी प्रत्येक पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये बंद करते, मग चारही कोपऱ्यांना खोक्याचा पुठ्ठा, मग वरचा कागद. पोस्टात १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय. सुरू झालं तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असे दर होते, आणि पार्सल कुठवर पोचलं तेही कळतं. पण ते रस्त्याने किंवा रेल्वेनेच जातं, विमानाने नाही, त्यामुळे दसऱ्यानंतर लगेच टाका. जाहिराती असलेलं नियतकालिक त्यात चालत नाही, म्हणून बरोबर दिवाळी अंक कोंबण्याचा मोह टाळा. अगदी शेवटच्या आठवड्यात आलात तर मग स्पीड पोस्टच. आणि हातोहात देणार असाल तर पुस्तक फराळाच्या पिशवीत ठेवू नका. चकलीचं तेल कागदाच्या वेष्टनातून कधी झिरपतं कळतही नाही.

एक गोष्ट तुमच्या बेतातली मला पटली नाही, ती सांगते. पंधराही जणांना एकच पुस्तक देऊ नका. लेखक एकच असू दे, पण त्याची दोन-तीन पुस्तकं असतील तर माणूस बघून वाटा. कथा वाचणाऱ्याला कथा, प्रवासाची हौस असणाऱ्याला प्रवासवर्णन. ऑफिसमध्ये कुणी मराठी वाचत नसेल तर त्याला नुसतं सहीसाठी पुस्तक देऊन काय उपयोग, त्याला मिठाई द्या, तो खूश होईल. शिवाय दोन प्रती नाव न घालता, नुसती सही, तारीख आणि 'पुणे' एवढंच लिहून घ्या. ऐनवेळी कुणीतरी आठवतंच. नाव घातलेली प्रत बदलून मिळत नाही आणि दुसऱ्याला देताही येत नाही.

यंदा दिवाळीला उशीर झालाच असेल तर संक्रांत धरा. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. तिथे बरेच लेखक स्वतः भेटतात. यादी आणि चिठ्ठ्या घेऊन जा. माझ्या वहिनीने गेल्या खेपेला हळदीकुंकवाला वाण म्हणून सही केलेली छोटी पुस्तकं लुटली. प्लास्टिकचे डबे घरात पडून असतात, ती पुस्तकं मात्र अजून बायका एकमेकींकडून मागून नेतायत.

दिवाळी झाली की लेखकाला पुन्हा एक फोन करा आणि कोण काय म्हणालं ते सांगा. सही करून दिल्यावर त्या पुस्तकाचं पुढे काय झालं हे त्यांना बहुधा कधीच कळत नाही. माझ्या मावशीने तर बाईंना पोस्टकार्ड लिहिलं, सकाळच्या उजेडात वाचून संपवलं म्हणून. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा ते कार्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. तुमच्याही माणसांपैकी कुणाला लिहावंसं वाटेल, पण लेखकाचा पत्ता देण्याआधी त्यांना विचारून घ्या.